उपरण्याखालचा पाढा

मला काही विचारायचं असलं की माझी माय आधी विचारायची आणि मग कामाला लागायची. "कौसे, ज्वारी पाखडून झाली का गं?" असं म्हणून ती कळशी घेऊन आडावर जायची, तिथं दोन बायांशी बोलायची, पाणी शेंदून परत यायची, कळशी उतरवून पदरानं तोंड पुसायची, आणि मग माझ्याकडे बघायची. तेवढ्यात माझं उत्तर तयार झालेलं असायचं. "झाली," मी म्हणायचे. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. चुलीवरच्या येसराच्या आमटीला उकळी यायला वेळ लागतो, म्हणून कुणी आमटीवर चिडत नाही, तसं तिचं होतं. पण घरात सगळेच माय नव्हते, आणि सगळ्यांकडे पाणी आणायचं कामही नव्हतं.

मला प्रश्न कळत नव्हता, असं कधीच नव्हतं. पुढं लग्न झाल्यावर एवढ्या वर्षांत मी यावर पुष्कळ विचार केला. विचार करायला मला वेळ लागतो, पण मी तो सोडत नाही. माझ्याकडे प्रश्न पाव्हण्यासारखा येतो. तो ओसरीवर टेकतो, पाणी पितो. उत्तर बिचारं आत माजघरात असतं. बाहेर कुणीतरी आलंय हे कळल्यावर ते उठतं, केस सारखे करतं, पदर नीट घेतं, आणि मग उंबऱ्यात येतं. तोवर पाव्हणा निघून गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसराच कुणी येऊन बसलेला असतो. मग माझं उत्तर त्या दुसऱ्यालाच मिळायचं. एकदा आमच्याकडे सोयरे आले होते. त्यातल्या एका आजोबांनी मला नाव विचारलं. मी आपली बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, बाळा, आज कालवण काय केलंय? मी म्हणाले, "कौसल्या." आजोबा फार भला माणूस. ते म्हणाले, मग वाढ थोडी.

माझी चुलती, तिला आम्ही मोठी माय म्हणायचो, हिचं सगळं माझ्या उलट होतं. ती प्रश्न विचारायची आणि त्याच दमात उत्तरही देऊन टाकायची. "जेवलीस का कौशे, कुठं जेवलीस, बस जेवायला, भाकरी गार झाली, तुला गारच आवडती." तिच्यापुढं मला तोंड उघडावंच लागत नसे, आणि मला ते बरंही वाटायचं. पण त्यात एक तोटा होता. तिनं माझ्या नावानं दिलेली उत्तरं घरात कायमची होऊन बसायची. एकदा संक्रांतीच्या सुमाराला तिनं विचारलं, "तुला गूळ पायजे का, न्हाई आवडत तुला." मी "पायजे" म्हणेपर्यंत ढेप शिंकाळ्यावर गेली होती. तेव्हापासून कौशीला गूळ आवडत नाही, हे साऱ्या भावकीला माहीत झालं. मी कितीतरी वर्षं चहा बिनगुळाचा प्यायले. सासरी आल्यावर पहिल्यांदा पोटभर गूळ खाल्ला आणि माहेरी कळवलं नाही.

माझे वडील, नाना, नेकनूरच्या बाजारात बैलांचे दलाल होते. थोडी शेती होती, पण जीव सगळा बाजारात. त्यांचा आवाज मोठा, चालणं मोठं, आणि घाईही मोठी. घरात आले की एका हातानं मुंडासं काढत, दुसऱ्यानं तांब्या उचलत आणि मला एकदम चार गोष्टी विचारत. शेरडं बांधली का, माय कुठं गेली, कुणी आलं होतं का, शाळेत काय झालं. मी पहिल्या प्रश्नापाशीच उभी असायचे. मग ते म्हणायचे, "कावून बोलत न्हाईस गं? मूग गिळले का?" आणि हा पाचवा प्रश्न झाला म्हणून माझं आधीचंही सगळं विस्कटायचं. मोठी माय चुलीपासून ओरडून पाचही उत्तरं द्यायची. त्यातली दोन बरोबर असायची.

बाजाराच्या दिवशी माय मला नानांबरोबर पाठवायची. कारण माझ्याबरोबर नानांच्या भाकरीचं फडकं पाठवलं नाही, तर ते दिवसभर भज्यांवर राहायचे आणि रात्री पोट धरून बसायचे. मला बाजार आवडायचा. तिथं एवढा गलका असे की कुणी मला काही विचारतच नसे. घुंगरमाळांचा आवाज, कढईतल्या भज्यांचा वास, बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणारे म्हातारे. मी बाभळीखाली बसून फुटाणे खात सगळं बघायचे. त्या गलक्यात मला एक गोष्ट दिसायची. मोठमोठ्यानं बोलणारे माझे नाना सौद्याची वेळ आली की एकदम गप्प व्हायचे. खांद्यावरचं उपरणं काढून ते समोरच्याच्या हातावर टाकायचे, त्याखाली आपला हात घालायचे, आणि मग दोघं उभे राहायचे. आकडा तोंडानं बोलायचा नाही, बोटं धरून सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा धरला की पाच. आजूबाजूच्या चार लोकांना भाव कळू नये म्हणून ही रीत. समोरचा शेतकरी कितीतरी वेळ आभाळाकडे बघत राही, आणि नाना उभेच. चिडत नसत, मूग गिळले का म्हणत नसत. उपरण्याखाली जो घाई करतो तो बुडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी नाना खुशीत होते. युसूफ वडगाव या गावच्या एका चिवट म्हाताऱ्याचा सौदा त्यांनी जुळवला होता. तो कसा जुळवला हे त्यांना कुणाला तरी करून दाखवायचं होतं. मोठी माय दळत होती, माय भाकरी थापत होती, हात मोकळे फक्त माझे. त्यांनी माझा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि म्हणाले, तू तो म्हातारा हो. मग त्यांनी आकडा सांगितला. मी बसले. नानाही बसले. सवयच होती त्यांच्या अंगात, उपरणं पडलं की थांबायचं. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. बोललेला प्रश्न निघून जातो, पण हा प्रश्न जातच नव्हता. नानांनी धरलेली बोटं तशीच धरलेली होती. माझं उत्तर उठलं, केस सारखे केले, पदर घेतला, बाहेर आलं, तरी पाव्हणा ओसरीवरच बसलेला. मी उत्तराची बोटं धरली. नानांनी परत विचारलं, मी परत धरली. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा माय म्हणाली, अहो, किती येळ चाललंय? नाना म्हणाले, "थांब गं. ही लई पक्की हाय. म्हाताऱ्यापेक्षा महाग चालली."

त्या दिवसापासून आमचा खेळच झाला तो. मला काही महत्त्वाचं विचारायचं असलं की नाना उपरणं टाकायचे. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे न्हाई. प्रश्न पुन्हा पाहिजे असला तर मी त्यांचा अंगठा दाबायचा. हे दोन नियम आमचे आम्ही केले, बाजारात असं काही नसतं.

आता माझी नात बीडला शाळेत जाते. तिचंही माझ्यासारखंच आहे. मुलानं आणि सुनेनं तिला एका मॅडमना दाखवलं. मॅडमनी सांगितलं की पोरगी हुशार आहे, फक्त डोक्यात गोष्ट पोचायला आणि बाहेर यायला वेळ लागतो. एका वेळी एकच गोष्ट विचारा, विचारल्यावर थांबा, तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका. मुलगा हे सगळं मला समजावून सांगत होता, आणि मला माझे नाना आणि मोठी माय दिसत होते. मुलानं विचारलं, "आई, कळलं का तुला?" मी विचार करत होते. तो म्हणाला, जाऊ दे, तुला नाही कळायचं, आणि मोबाईल घेऊन बाहेर गेला. मी "कळलं" म्हणाले तेव्हा खोलीत फक्त नात होती. ती हसली. ती मला कधीच घाई करत नाही.

तर शाळेची गोष्ट. आमची शाळा एका गुरुजींची होती आणि चौथीपर्यंतच होती. गुरुजी चौसाळ्याकडून सायकलीवर यायचे. माणूस वाईट नव्हता. पण चार वर्ग एकट्यानं हाकायचे म्हणजे त्यांना दम कुठला. पाढे ते रांगेनं विचारायचे, एकाला एक, झटझट. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सात सक?" मी उत्तराला उठवायला आत गेले. तेवढ्यात त्यांनी माझ्या शेजारच्या सोपानला विचारलं, "सहा नवे?" आणि सोपान तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बेचाळीस." गुरुजींना वाटायचं मी मुद्दाम करते. सोपानला वाटायचं मी त्याला फसवते. वर्गाला मात्र मजा यायची. माझ्यावर पैजा लागायच्या, की ही आज कुणाचं उत्तर कुणाला देणार.

तिसरीत मी एकदा नापास होऊन बसले होते. दुसऱ्या वर्षीही उन्हाळा जवळ आला तेव्हा गुरुजींनी नानांना रस्त्यात गाठून सांगितलं की हिला पाढे येत नाहीत, हिला चौथीत घालण्यात अर्थ नाही, घरी कामाला उपयोग होईल. मोठ्या मायनं ते ऐकलं आणि तिचा निर्णय तिथंच झाला. "कौशे, शेरडं राखशील का, राखशील, तुला शेरडं आवडत्यात." त्या वेळी मला तिचा खरंच राग आला. कारण शाळेत एक लाकडी कपाट होतं, त्यात गोष्टींची पुस्तकं होती, आणि ती फक्त चौथीच्या पोरांना घरी न्यायला मिळायची. मी दोन वर्षं त्या कपाटाकडे बघत तिसरीत बसले होते. रात्री मी नानांचं उपरणं त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. हे मी आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी हात घातला आणि विचारलं, शाळा सोडायची का? मी दोन बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. नाना म्हणाले, बोटं मोडशील माझी, उद्या येतो शाळेत.

दुसऱ्या दिवशी नाना शाळेत आले ते बाजाराला निघावं तसे, मुंडासं बांधून, काठी घेऊन. त्यांनी गुरुजींना रामराम केला आणि म्हणाले की पोरीला पाढे येतात. गुरुजींनी लगेच मला उभं करून विचारलं, "सात आठे?" मी आत गेले. गुरुजींनी नानांकडे बघितलं, म्हणजे बघा तुम्हीच. नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि म्हणाले, "गुरुजी, हात द्या."

चारही वर्ग उठून भोवती जमले. आमच्या गावात बैल नाही असं घर नव्हतं, त्यामुळं काय चाललंय हे पोरांना सांगावं लागलं नाही. ज्यांना कळत नव्हतं असे तिथं एकटे गुरुजी होते. नाना आधी सवयीनं मध्ये बसले, एक हात गुरुजींकडे, एक माझ्याकडे. गुरुजी म्हणाले, असं नाही चालणार, तुम्हीच तिला उत्तर दाबाल, दलालाचा हात मध्ये नको. नानांना ते पटलं. धंद्यात संशयाला जागा ठेवू नये, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मुंडाशावर ठेवले आणि उभे राहिले. ते शेवटपर्यंत तसेच उभे होते. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं घरी जाऊन माझ्या मायला सांगितलं की गुरुजींनी तुझ्या नवऱ्याला शिक्षा केलीय.

मग गुरुजींना बोटं शिकवायची होती. आधी दशकाची बोटं धरायची, सोडायची, मग वरच्या सुट्या आकड्याची. गुरुजींना ते लवकर उमगेना. सोपान सांगू लागला, दुसरा कुणी भलतंच सांगू लागला, गुरुजी कधी माझं मनगट धरत, कधी करंगळी. पोरं हसायला लागली. तेव्हा डोक्यावर हात ठेवलेले नाना पोरांना म्हणाले, "गप बसा रे. त्यांच्या ध्यानात यायला जरा येळ लागतोय. येऊ द्या." गुरुजींनी मान वर करून नानांकडे बघितलं. मग खाली बघितलं. पोरं गप्प झाली, आणि त्या शांततेत गुरुजींना बोटं जमली.

त्यांनी विचारलं. आधी सात, तळहातावर एक टिचकी, मग आठ. बोटं धरून ते थांबले. मी त्यांचा अंगठा दाबला, त्यांनी नानांना विचारून प्रश्न पुन्हा दिला. उत्तर मला येत होतं, अगदी समोर दिसत होतं. मी चार बोटं धरली. चाळीस. गुरुजी म्हणाले, "चूक." मी पंजा धरला. पन्नास. गुरुजी म्हणाले, "पुन्हा चूक. बघा, मी म्हणत नव्हतो?" मी अजून थोडं वर गेले, त्रेपन्नावर. आता गुरुजी हात काढायच्या बेतात होते. तेवढ्यात नानांना उमगलं आणि डोक्यावर हात तसेच ठेवून ते इतके हसले की मुंडासं सुटलं.

"कौसे," ते म्हणाले, "हितं घासाघीस न्हाई. पाढ्याला एकच भाव असतो."

मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. उपरण्याखाली पहिला आकडा कधी खरा सांगायचा नाही, कमीपासून सुरुवात करायची आणि समोरचा मान हलवेपर्यंत चढत जायचं, एवढंच मला माहीत. पन्नासच्या घरात आल्यावर मला वाटत होतं की गुरुजी फार ताठ आहेत, पण येतील हळूहळू. नानांनी गुरुजींना हे समजावलं. गुरुजींनी ते ऐकलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यांचे पुढचे दात जरा मोठे होते. त्यांनी परत हात घातला. सात आठे. मी पंजा धरला, सोडला, मग पंजा आणि एक बोट. छप्पन्न. नऊ सक. चोपन्न. आठ नवे. बहात्तर. प्रत्येक वेळी ते धरून थांबत होते आणि खिडकीबाहेर बघत होते, बाजारातल्या शेतकऱ्यासारखे. मधली सुट्टी उलटून गेली, घंटा वाजवायला कुणी उठलं नाही. एकदा मी अडले तर सोपान कुजबुजायला लागला. गुरुजीच त्याला म्हणाले, "तिचं तिला सांगू दे रे."

शेवटी ते थांबले. माझा हात त्यांच्या हातात होता, वर उपरणं होतं. आता ते बोटांनी नाही, तोंडानं बोलले, पण हळू बोलले, एकेक शब्द ठेवत, माझ्यासाठीच. "कौसल्या," ते म्हणाले, "मी तुला चौथीत बसवतो..."

"हो," मी म्हणाले.

मी बोलले हे मला सगळ्यात शेवटी कळलं. सोपानचं तोंड उघडं राहिलं. नानांचे हात डोक्यावरून खाली आले. गुरुजींचं वाक्य अजून संपलंच नव्हतं. ते पुढं म्हणाले, "...पण वर्षभर रोज सगळ्यांच्या आधी येऊन शाळा झाडायची आणि शनिवारी सारवायची, तेवढं जमेल का, असं विचारणार होतो." लवकर आलीस तर तुला निवांत वेळ मिळेल, वर्गात दुसरं कुणी नसतं तेव्हा पाढे म्हणत जाऊ, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी नानांना नंतर सांगितलं. मला हा दुसरा भाग पोचायचा होता. मी त्यावर विचार करायला आत निघाले होते. पण नानांनी उपरणं उचलून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, सौदा झाला. बाजारात एकदा उपरणं उचललं की मग कुणाला काही म्हणता येत नाही.

जन्मात एकदाच मी घाईनं उत्तर दिलं, आणि साऱ्या गावच्या पोरांच्या पायाची धूळ वर्षभर एकटीनं झाडली.